शिट्टी न ऐकणारे फोटो

मी पीटीचा मास्तर. म्हणजे होतो, आता पेन्शनीत आहे, गळ्यातली शिट्टी खिशात आली एवढाच फरक. हदगावच्या एका शाळेच्या मैदानावर मी एकतीस वर्षं उन्हात उभा होतो, आणि आम्हा मराठवाड्यातल्या मास्तरांना ध्वजवंदन वर्षातून चारदा, म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि वर आमच्या हक्काचा १७ सप्टेंबर. त्यामुळं आदल्या संध्याकाळी फक्कीचे ठिपके मारायचे, सकाळी शिट्टी फुंकायची, आणि कुणी नळावरून तोंड पुसत, कुणी कडुनिंबाखालून, कुणी उशीर झाला म्हणून कंपाउंडवरून उडी मारून, अशी दोनशे पोरं धावत येऊन आपापल्या ठिपक्यावर हातभर अंतर राखून उभी राहायची. हे मी इतक्या वेळा पाहिलं की जगातली कुठलीही गोष्ट शिट्टीनं ओळीत बसते अशी माझी पक्की समजूत झाली. फोटो बसत नाहीत.

खाज लागली ती नांदेडच्या एका लग्नात. स्टेजमागच्या मोठ्या पडद्यावर नवरा-नवरीचे रांगण्यापासूनचे फोटो चारी बाजूंनी उडत आले, हवेत एक गिरकी घेतली आणि खटाखट चौकोनांत बसले. वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. मी हातात अर्धी बालुशाही धरून तसाच उभा. ही तर माझी कवायत! आणि तीही फक्कीशिवाय, घामाशिवाय, ‘सर, पोटात दुखून राहिलं’ याच्याशिवाय.

तेवढ्यात आमच्या १९९९ सालच्या दहावी ब च्या पोरांनी पंचवीस वर्षं झाली म्हणून मेळावा ठरवला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शाळेतच. पोरं म्हणजे आता चाळिशी ओलांडलेली. कुणी पुण्यात, कुणी हैदराबादेत, एकजण पैनगंगेच्या पलीकडं उमरखेडला, म्हणजे आमच्या हिशेबानं परराज्यातच. त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन शब्द बोलायची विनंती केली. आता माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण ‘सावधान’ हे आहे, आणि त्याला जोडून ‘विश्राम’ म्हटलं की विषय संपतो. म्हणून रात्री साडेअकराला, जेव्हा कुठल्याही पेन्शनर माणसानं फोन दूर ठेवून झोपावं, तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं, ‘भाषण नको. फिल्म दाखवतो. तुम्ही सगळे पाखरांसारखे उडत येऊन वर्गात बसाल.’ दूरदर्शनवर विजया मुळे यांची १९७४ सालची ‘एक अनेक और एकता’ बघत मोठी झालेली ही पिढी; जाळं घेऊन उडणारी पाखरं त्यांच्या डोळ्यांसमोर लगेच आली असावीत. बत्तीस बदाम पडले. आता माघार शक्य नव्हती.

पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, फोटो पाठवा, मी करून देतो. तासाभराचं काम आहे.”

शहाणा माणूस इथं ‘बरं’ म्हणतो. मी म्हटलं, “मला शिकव.”

पलीकडं जी शांतता पसरली ती माझ्या ओळखीची होती. लांब उडीला धावत निघालेलं पोरगं फळीपाशी येऊन थबकलं की माझ्याकडून तशीच पसरायची.

तर हे काम करणारं सॉफ्टवेअर आहे, त्याचं नाव आफ्टर इफेक्ट्स. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका लहानशा कंपनीनं ते १९९३ साली काढलं आणि पुढच्या वर्षी हातोहात फिरत ते अडोबीकडं आलं. १९९३ म्हणजे आमच्याकडं किल्लारीच्या भूकंपाचं साल. त्या वर्षी जगात दुसरं काही घडलं असेल याची आम्हाला शुद्धच नव्हती. मुलगा म्हणाला की सात दिवस ते फुकट वापरता येतं, कार्डाचा नंबर द्यायचा आणि सात दिवसांच्या आत आठवणीनं रद्द करायचं. वसुबारसेला सुरू केलं तर भाऊबीजेला बरोबर सात दिवस भरत होते. सात दिवस म्हटल्यावर मला हरिनाम सप्ताहच आठवला. विणा खाली ठेवायचा नाही, काल्याच्या दिवशीच उठायचं. तसं मी घरात जाहीरही केलं.

“सप्त्यात निदान पंगत तरी उठते,” ही कढईतली चकली उलटत म्हणाली.

पहिला दिवस फोटो गोळा करण्यात गेला. पोरं सत्तेचाळीस, अठ्ठेचाळिसावा मी. ‘स्वच्छ, एकट्याचा, समोर बघतानाचा फोटो पाठवा’ असं मी लिहिलं होतं. एकानं आधार कार्डाचा पाठवला. एकानं ट्रॅक्टरचा पाठवला, त्यात तो मागं चाकाआड असल्याचं त्यानं फोन करून सांगितलं. एकानं स्वतःच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा पाठवला. त्यात शुभेच्छुक बेचाळीस आणि तो स्वतः कोणता हे विचारायचा मला धीर झाला नाही. पहिल्या नंबरच्या मुलीनं मात्र सांगितला तसाच पाठवला, सांगितल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी. पंचवीस वर्षांत कुणीच बदललं नव्हतं. दोन फोटो आता नसलेल्या दोघांच्या घरून आले. ते मी पहिल्या रांगेत ठेवायचं ठरवलं, आणि त्याबद्दल पुढं काही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी हिशेबाला बसलो. पडदा आडवा १९२० ठिपक्यांचा, उभा १०८०. आडवे आठ मांडले तर एकेका फोटोला २४० येतात, सहा रांगा केल्या तर १८०. आठ सक अठ्ठेचाळीस! भागाकार असा निःशेष सुटल्यावर मला इतका आनंद झाला की मी हिला हाक मारून तो वहीवर दाखवला. पण त्या आनंदात एक गोष्ट राहून गेली. माझे चौकोन आडवे होते आणि माणसं उभी असतात. पासपोर्ट फोटो त्या चौकोनात कोंबल्यावर कुणाचं कपाळ गेलं, कुणाची हनुवटी गेली, उमरखेडवाल्याचा तर नुसता फेटा राहिला. मी म्हटलं राहू दे, फेट्यावरून माणूस ओळखू येतो.

आता गंमत ऐका. या सॉफ्टवेअरमध्ये फोटोच्या हातात चिठ्ठी द्यायची असते, तिला कीफ्रेम म्हणतात. अमक्या क्षणाला अमक्या ठिकाणी हजर राहा, अशी एक चिठ्ठी. तमक्या क्षणाला तमक्या ठिकाणी, अशी दुसरी. मधला प्रवास त्याचा तो कॉम्प्युटर करून देतो. पण फोटोची जागा वेगळी, आकार वेगळा, तो किती तिरका हे वेगळं, म्हणजे तीन गोष्टींच्या दोन-दोन चिठ्ठ्या, आणि फोटो अठ्ठेचाळीस. एकूण २८८. अख्ख्या नोकरीत मी एवढे रजेचे अर्ज पाहिले नव्हते.

तरीही बसलो. शाळेत गणिताचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्याकडं असायचा, त्यामुळं आलेख कागद मला परका नव्हता. एक्स आडवा, वाय उभा, वर जाईल तसा वाय वाढतो. त्या ज्ञानाच्या जोरावर मी पहिल्या नंबरच्या मुलीला सगळ्यात वरच्या रांगेत बसवण्यासाठी वाय दिला ९९० आणि स्वतःला नम्रपणे शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात टाकण्यासाठी दिला ९०. स्पेस दाबला. फोटो सुरसुर निघाले. पहिल्या नंबरची मुलगी जमिनीला जाऊन टेकली, तिच्यावर वर्गातली हुशार मंडळी ओळीनं चेंगरून बसली, आणि सगळ्यांच्या डोक्यावर, दत्तबर्डीवरून अख्खं हदगाव न्याहाळावं तसा, एकटा मी.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, “बाबा, इथं वाय वरून खाली मोजतात.”

“कामून?”

त्याचं कारण त्यानं समजावून सांगितलं. जुन्या टीव्हीच्या नळीतला किरण वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून एकेक रेघ ओढत खाली उतरायचा, म्हणून पडद्याचं शून्य वरती, डाव्या कोपऱ्यात. नळी गेली, टीव्ही चपटे होऊन भिंतीला लागले, हिशेब तोच राहिला. मला ते पटलं. पण नववीच्या पोरांना मी बदली तासाला किती ठामपणे उलटं सांगितलं होतं ते आठवून कानात गरम वाटलं.

वाय या अक्षराशी माझं बिनसलंच, कारण कीबोर्डवरही ते चुकून दाबलं गेलं की अँकर पॉइंट हलवायचं अवजार हातात येतं. अँकर पॉइंट म्हणजे फोटोला ठोकलेला खिळा. फोटो त्याच्याभोवती फिरतो. खिळा मधोमध असला की फोटो भिंगरीसारखा फिरतो, कोपऱ्यात गेला की वाऱ्यात दाराचं फळकूट आपटावं तसा. मी धनत्रयोदशीच्या दुपारी अकरा जणांचे खिळे कोपऱ्यात नेऊन ठेवले. हेडमास्तरांच्या मुलानं (तोही याच वर्गात होता) जी काही भिरकी घेतली ती पाहून त्याच्या वडिलांना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

शिवाय मी सुरक्षित राहावं म्हणून तिसरीही चिठ्ठी दिली होती. दुसऱ्या सेकंदाला जागेवर ये, आणि पाचव्या सेकंदालाही तिथंच अस. साधी गोष्ट. पण सॉफ्टवेअरला सरळ रेषेपेक्षा वळणाची हौस फार. दोन्ही चिठ्ठ्यांत एकच पत्ता असूनही फोटो जागेवर येऊन बसायचा, मग हळूच उठायचा, थोडा बाहेर जाऊन वळसा घालून परत येऊन बसायचा. एकेक करून अठ्ठेचाळीस. अगदी करंगळी दाखवून गेल्यासारखे. मी सवयीनं ओरडलो, “मधल्या सुट्टीत जायचं होतं ना!”

हिनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि परत गेली.

मुलाचा तिसरा फोन होईपर्यंत त्याचा सूर बदलला होता. आधी तो मला शिकवत होता, आता डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसा बोलू लागला. त्यानं सांगितलं की फोटो एकामागून एक यावेत म्हणून सीक्वेन्स लेअर्स असा एक हुकूम आहे. सगळे निवडायचे आणि तो द्यायचा. हे मला आवडलं. हुकूम हा शब्द किती दिवसांनी कानावर आला! मी सगळे निवडले, दिला हुकूम, हात मागं बांधून उभा राहिलो. एक फोटो आला. बसला. बसूनच राहिला. अर्धं मिनिट झालं, फिल्म संपली. बाकीचे सत्तेचाळीस कुठं गेले? खाली पट्ट्यांमध्ये शोधलं तर माझ्या लक्षात आलं की प्रत्येक फोटोची हजेरी तीस सेकंदांची, आणि आधीच्याची संपल्याशिवाय पुढच्याची सुरू होणार नाही असं मी ठरवून ठेवलं होतं. म्हणजे शेवटच्या पोराचा नंबर साडेतेवीस मिनिटांनी लागणार होता. फिल्म होती तीस सेकंदांची.

“हे रेशनच्या दुकानासारखं झालं,” ही म्हणाली. या वेळी ती परत गेली नाही, चहा घेऊन तिथंच टेकली. म्हणजे माझी अवस्था बाहेरूनही दिसू लागली असावी.

मी म्हटलं, “दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडं थोडं शूटिंग केलं आणि त्याचं रोप वाढताना दाखवलं. १९१५ साली आगकाड्यांची फिल्म केली, काड्या एकेक सरकवून. काड्यांना कवायत शिकवली त्या माणसानं. आणि माझ्याकडं एवढं सॉफ्टवेअर असून...”

“त्यांच्या घरी सरस्वतीबाई होत्या,” ही म्हणाली.

“हो. फिल्मला भोकं त्या पाडायच्या, रसायनं त्या कालवायच्या, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही.”

“मग ते त्यांचं ऐकत असतील,” एवढं म्हणून ती कप घेऊन उठली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी डोकं धरून ओट्यावर बसलो होतो. समोर अंगणात ही रांगोळी काढत होती. तिच्याकडं एक जुना जाड कागद आहे, तिच्या आईनं उदबत्तीनं जाळून सारख्या अंतरावर भोकं पाडलेला. तो तिनं शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरला, वरून रांगोळी फिरवली, कागद उचलला. एकवीस बाय एकवीस ठिपके. एकही इकडं-तिकडं नाही. मी पाहतच राहिलो.

“तुम्ही काय करून राहिलात ते मी दोन दिवस बघते,” ठिपके जोडता जोडता ती म्हणाली. “तुम्ही रेघ ओढत सुटता आणि मग ठिपका कुठं पडेल ते बघता. आधी ठिपके मांडा की.”

मी फक्की मारणारा माणूस! एकतीस वर्षं आदल्या संध्याकाळी ठिपके मारले आणि मगच सकाळी शिट्टी वाजवली. तामशाला बारालिंगाच्या भाजी-भाकरीच्या पंगतीत हजारो माणसं बसतात तीही आधी ओळी ठरतात म्हणूनच. आणि इथं मी चार दिवस पोरांना गेटाबाहेरून पळवत होतो, ती कुठं थांबतात ते पाहत होतो, आणि चुकीच्या जागी थांबली की त्यांनाच रागवत होतो.

पणत्या तशाच ठेवून आत पळालो. सगळ्या चिठ्ठ्या पुसल्या. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस फोटो आधी त्यांच्या शेवटच्या जागी बसवले: पहिला १२०, ९० वर, त्याच्या शेजारचा ३६०, ९० वर, असं करत शेवटचा, म्हणजे मी, १८००, ९९० वर. सगळ्यांना एकदम निवडून तिथली चिठ्ठी दिली. मग काळ मागं सरकवला, शून्य सेकंदावर गेलो, आणि एकेकाला धरून पडद्याच्या बाहेर फेकून दिलं. कुणाला वर, कुणाला खाली, फ्लेक्सवाल्याला जरा लांब. शेवट आधी आणि सुरुवात मागून. स्पेस दाबला. आले! चारी दिशांनी आले आणि आपापल्या जागी बसले. मी ओरडलो. शेजाऱ्यांना वाटलं आमच्याकडं लक्ष्मी आली.

फक्त बसताना ते दाणकन बसत होते. मुलानं फोनवर सांगितलं की त्याला ईझिंग लागतं. निघताना हळू, मध्ये वेग, पोचताना पुन्हा हळू, जशी एसटी फलाटाला लागते. एफ नऊ दाबायचं, झालं. मी एफ नऊ दाबलं. लॅपटॉपवर चाललेलं भजन मोठं झालं. पुन्हा दाबलं, आणखी मोठं झालं. सात वेळा दाबल्यावर समोरचे काका आत येऊन नमस्कार करून गेले. त्या की सोबत एफएन नावाची आणखी एक दाबायची असते हे मला कळलं तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते.

आता इथं कुणीही हात धुऊन झोपला असता. पण मी शिस्तीचा माणूस, आणि डेस्कटॉपवर अठ्ठेचाळीस फोटो अस्ताव्यस्त पडलेले मला बघवेनात. पाडव्याला पहाटे उठून मी त्यांच्यासाठी एक नवं फोल्डर केलं, त्याला ‘दहावी ब’ नाव दिलं, सगळे आत हलवले आणि समाधानानं फिल्म उघडली. फोटो नव्हते. प्रत्येक चौकोनात रंगीत उभ्या पट्ट्या, दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी यायच्या तशा. त्या पट्ट्या ऐटीत उडत येत होत्या, गिरकी घेत होत्या आणि हळुवार बसत होत्या. अठ्ठेचाळीस. मला वाटलं, सात दिवस संपले म्हणून अमेरिकेतून बंद केलं.

मुलानं पहाटे पावणेसहाला फोन उचलला यावरून तो चांगल्या संस्काराचा आहे. त्यानं सांगितलं की फिल्मच्या फाइलमध्ये फोटो नसतातच, फक्त त्यांचे पत्ते असतात. घर हलवलं की पोस्टमन दारात उभा. एका फोटोला नवा पत्ता दाखवला की त्याच फोल्डरमधले बाकीचे आपोआप सापडतात. सापडले. शाळेतही असंच असायचं. पळालेल्यांतला एक हाती लागला की तो बाकीचे कुठं आहेत ते सांगायचाच.

भाऊबीजेला काला. म्हणजे रेंडर, ज्यात कॉम्प्युटर एकेक चित्र बसून काढतो. आता दहा सेकंदांवर आणलेली फिल्म, सेकंदाला पंचवीस चित्रं, एकूण २५०. मोबाइलवरचे काही फोटो चार हजार बाय तीन हजार ठिपक्यांचे, आणि माझ्या चौकोनात ते सहा टक्क्यांवर आलेले; तरी मशीन बिचारं दर चित्राला तो अख्खा फोटो उचलायचं आणि सहा टक्के करायचं. मुलगा म्हणाला, “आधी लहान करून घ्यायचे होते ना!” हे वाक्य त्यानं त्या आठवड्यात ज्या सुरात म्हटलं त्या सुरात मी त्याला पूर्वी ‘आधी बूट बांधायचे होते ना’ म्हणत असे. लॅपटॉप त्याचाच जुना, बॅटरी मेलेली, वायर निघाली की प्राण गेला. दीडशे चित्रं झाली आणि वीज गेली. आली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला मी त्याला इन्व्हर्टरवर घेतलं आणि घरातला प्रत्येक दिवा, पंखा, मिक्सर बंद करून टाकला. भोकरहून बहीण आली तेव्हा घर अंधारात, भाऊ पाटाऐवजी खुर्चीवर, आणि नजर टक्क्यांवर. तिनं मला तसंच ओवाळलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, लॅपटॉपलाही ओवाळलं, कुंकवाचं बोट लावलं. पावणेदोन तासांनी फिल्म झाली. ते कुंकू अजून स्क्रीनच्या कोपऱ्यात आहे, आणि हैदराबादेत असलेल्या पोरीच्या कपाळावर बरोबर येतं. कार्ड रद्द करायची आठवण हिनं केली.

मेळावा. खिडक्यांना पडदे नसलेली शाळेची जुनी खोली, दुपारचं ऊन, पडदा म्हणून लावलेली चादर, तिला मध्ये घडीची रेघ. मी उठलो, घसा खाकरला, बटण दाबलं. त्याच वेळी माईकवाला ‘हॅलो, हॅलो’ करत होता आणि दारातून जिलबीचं पातेलं आत येत होतं, त्यामुळं सगळ्या माना तिकडं वळल्या. माना परत वळल्या तेव्हा चादरीवर अठ्ठेचाळीस पोस्टाची तिकिटं चिकटवल्यासारखे फोटो बसलेले होते, फिकट, नम्र, निश्चल. साडेसहा सेकंदांचं उड्डाण संपलं होतं.

“वा सर,” पहिल्या बाकावरून आवाज आला. “आता सुरू करा.”

मी पुन्हा लावली. पुन्हा लावली. पाचव्या वेळी सगळ्यांनी पाहिली. उमरखेडवाला जवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, माझा फेटाच आला फक्त.” ट्रॅक्टरवाला मात्र खूश होता, सहा टक्क्यांवर ट्रॅक्टर स्पष्ट दिसत होता.

मग ग्रुप फोटोची वेळ झाली आणि फोटोग्राफर सगळ्यांना गोळा करता करता मेटाकुटीला आला. कुणी पान खायला गेटाबाहेर, कुणी कडुनिंबाखाली फोनवर, कुणी हँडपंपावर पोराचे पाय धूत. सकाळी मी मैदानावर खुर्च्यांसाठी म्हणून फक्कीचे ठिपके मारून घेतले होते, आठ बाय सहा, हात सवयीनं तसाच चालला. खुर्च्या आल्या त्या सरळ मांडवात गेल्या आणि ठिपके तसेच राहिले. मी बसल्या जागी खिशात हात घातला. खरं सांगतो, विचार केला नव्हता. शिट्टी वाजली.

चाळीस माणसं पळत सुटली. इन केलेले शर्ट, जरीच्या साड्या, पोटं, चष्मे, एकीच्या कडेवर भाची. गेटाबाहेरचा पान थुंकून आत आला, फ्लेक्सवाल्यानं कंपाउंडवरून उडी मारायचा विचार केला आणि रद्द केला. पहिली पंधरा-वीस पावलं दहावीच्या वेगानं आले, मग एकेकाला श्वास आठवला, गुडघा आठवला, आणि ठिपक्याजवळ येईतो सगळे इतके हळू झाले, इतके अलगद टेकले, दोघं-तिघं तर ठिपक्याच्या पुढं जाऊन तोल सावरत मागं आले. हातभर अंतर. मी सांगितलंही नव्हतं. सात ठिपके रिकामे राहिले आणि एक माझा.

कुणाच्या तरी बारक्या पोरानं पायऱ्यांवरून हे मोबाइलवर घेतलं आणि रात्री ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं होतं, ‘सरांची फिल्म’. बदाम किती पडले ते मी मोजले, पण सांगत नाही.

दहा वाजता पुण्याहून फोन.

“बाबा, बघितली. ईझिंग कसलं भारी जमलंय या वेळी! कसं केलंत?”

“गुडघे आहेत ते,” मी म्हटलं.